विश्लेषण : राष्ट्रीय महामार्गावरच्या खड्ड्याचा मालक कोण?

गणपतीत कोकणात निघालेल्या चाकरमान्याला मुंबई-गोवा महामार्गावर दरवर्षी तोच प्रश्न पडतो. रस्ता राष्ट्रीय, टोल आणि इंधनावरचा उपकर केंद्राचा, काम करणारे खाते राज्याचे, ठेकेदार खासगी. मग वडखळजवळच्या कोंडीबद्दल किंवा माणगावच्या खड्ड्यांबद्दल विचारायचे कुणाला? केंद्रीय मंत्र्यांनी नवी मुदत दिली की राज्यातले मंत्री पाहणी दौरा करतात, अधिकारी ठेकेदाराकडे बोट दाखवतात आणि ठेकेदार न मिळालेल्या जमिनीकडे. केंद्रीय रस्ते वाहतूक आणि महामार्ग मंत्रालय हे देशातील सर्वाधिक खर्च करणाऱ्या मंत्रालयांपैकी एक आहे. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात त्याच्यासाठी सुमारे २ लाख ८७ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. एवढा पैसा हाताळणाऱ्या या मंत्रालयाचे नेमके काम काय, त्याच्या अधिकाराची हद्द कुठे संपते आणि जबाबदारी कुठे सुरू होते, हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

रस्ता हा केंद्राचा विषय झाला कसा?

याचे मूळ एका मराठी माणसाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या समितीत आहे. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, मात्र रस्ते प्रांतिक सरकारे आणि स्थानिक मंडळांच्या तुटपुंज्या उत्पन्नावर अवलंबून होते. १९२७ मध्ये बॅ. मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले जयकर ते हेच. रस्तेविकास ही राष्ट्रीय बाब मानावी आणि त्यासाठी पेट्रोलवर जादा कर लावून स्वतंत्र निधी उभारावा, असे समितीने सुचवले. त्यातून १९२९ मध्ये केंद्रीय रस्ते निधी सुरू झाला. रस्ते, पूल यांची तांत्रिक मानके ठरवणारी इंडियन रोड्स काँग्रेस १९३४ मध्ये स्थापन झाली.

दुसरा टप्पाही महाराष्ट्राशी जोडलेला आहे. १९४३ मध्ये प्रांतांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि त्यांनी वीस वर्षांचा आराखडा तयार केला. हाच ‘नागपूर प्लॅन’. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते ही आज सर्वांच्या तोंडी असलेली वर्गवारी त्यातूनच रुजली. म्हणजे रस्त्याचे महत्त्व जितके मोठे, तितका त्याचा भार वरच्या सरकारने उचलावा, हा विचार स्वातंत्र्यापूर्वीच पक्का झाला होता.

संविधानाने हीच विभागणी स्वीकारली. संसदेच्या कायद्याने जाहीर झालेले राष्ट्रीय महामार्ग हा सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय आहे, तर बाकीचे रस्ते आणि पूल राज्यसूचीत येतात. मोटार वाहने समवर्ती सूचीत आहेत. रेल्वे, विमान वाहतूक आणि बंदरांसाठी केंद्रात वेगळी मंत्रालये आहेत. २००९ पासून जहाजबांधणी वेगळी झाली आणि रस्ते व महामार्ग हे या मंत्रालयाचे स्वतंत्र क्षेत्र उरले. २०१४ पासून नितीन गडकरी यांच्याकडे त्याची धुरा आहे.

राष्ट्रीय महामार्ग ठरतो कसा?

राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ नुसार केंद्र सरकार अधिसूचना काढून एखादा रस्ता राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर करते. बहुतेक वेळा राज्याचाच रस्ता वरच्या श्रेणीत जातो. राज्यांनाही ते हवे असते, कारण त्यानंतर खर्चाचा भार केंद्राकडे जातो. २०१४ मध्ये सुमारे ९१ हजार किलोमीटर असलेली राष्ट्रीय महामार्गांची लांबी २०२४ पर्यंत १ लाख ४६ हजार किलोमीटरवर गेली. यातला प्रत्येक किलोमीटर नव्याने बांधलेला नाही. अनेक ठिकाणी जुन्या रस्त्याची श्रेणी आणि फलक तेवढे बदलले. एका आर्थिक वर्षात बांधलेल्या लांबीचा उच्चांक २०२०-२१ मध्ये नोंदला गेला. त्या वर्षी १३ हजार ३२७ किलोमीटर काम झाले. या यशाचे श्रेय मंत्रालयाला द्यायलाच हवे.

याच कायद्याचे पाचवे कलम मात्र क्वचितच चर्चेत येते. सर्व राष्ट्रीय महामार्गांचा विकास करणे आणि ते सुस्थितीत ठेवणे ही केंद्र सरकारची जबाबदारी असेल, असे ते सांगते. हे काम राज्य सरकारकडे किंवा अधिकाऱ्याकडे सोपवण्याची मुभाही त्यातच आहे. काम सोपवता येते. पण मूळ जबाबदारी केंद्राकडेच राहते. सगळा गोंधळ या दोन गोष्टींमधल्या अंतरात आहे.

मग रस्ता प्रत्यक्ष बांधते कोण?

मंत्रालय स्वतः डांबर टाकत नाही. त्याच्या हाताखाली किंवा त्याच्या पैशांवर चार प्रमुख यंत्रणा काम करतात. पहिली, १९८८ च्या कायद्याने स्थापन झालेले आणि १९९५ पासून प्रत्यक्ष कामाला लागलेले भारतीय राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण. मोठे मार्ग आणि बहुतेक टोलनाके त्याच्याकडे आहेत. दुसरी, ईशान्येकडील राज्ये आणि सीमाभागासाठी २०१४ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय महामार्ग आणि पायाभूत सुविधा विकास महामंडळ. तिसरी, संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीतील सीमा रस्ते संघटना. चौथी यंत्रणा राज्यांच्या सार्वजनिक बांधकाम खात्याची. महाराष्ट्रात या खात्यात राष्ट्रीय महामार्गांसाठी स्वतंत्र विभाग आहे. अभियंते राज्याचे, पैसा आणि मंजुरी केंद्राची, अशी ही रचना आहे.

पूर्वी क्रमांक १७ आणि आता ६६ असलेला मुंबई-गोवा महामार्ग हे या रचनेचे ठळक उदाहरण. पनवेल ते रायगड जिल्ह्यातील इंदापूर हा ८४ किलोमीटरचा टप्पा महामार्ग प्राधिकरणाकडे आहे. तिथून सिंधुदुर्गातील झारापपर्यंतचा सुमारे साडेतीनशे किलोमीटरचा भाग राज्याच्या बांधकाम खात्यामार्फत, वेगवेगळ्या ठेकेदारांना वाटून करण्यात आला. पनवेल-इंदापूरचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढे वर्षानुवर्षे रेंगाळले. सिंधुदुर्गातील काम तुलनेने लवकर उरकले, तर रत्नागिरी जिल्ह्यातील आरवली ते वाकेडदरम्यानचे टप्पे मागे पडले. रस्ता एक, मंत्रालय एक, पाऊस सगळीकडे सारखाच. तरी निकाल वेगळे. सगळे खापर कोकणच्या पावसावर फोडता येत नाही, ते यामुळेच.

याच महामार्गावर उलटे उदाहरणही आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बससह काही वाहने वाहून गेली. त्यानंतर वर्ष पूर्ण होण्याच्या आत नवा पूल वाहतुकीला खुला झाला. देशाचे लक्ष लागले की ही व्यवस्था वेगाने काम करू शकते, हे तेव्हा दिसले. तेवढ्यासाठी माणसे दगावण्याची वाट का पाहावी लागली, हा प्रश्न मात्र उरतोच.

पैसा येतो कुठून?

वाहनचालक रस्त्यासाठी किमान दोनदा पैसे देतो. एकदा पेट्रोल-डिझेलवरच्या रस्ते व पायाभूत सुविधा उपकरातून आणि दुसऱ्यांदा टोलनाक्यावर. शिवाय राज्याचा वाहन कर वेगळा. १९२९ च्या निधीचा वारसा सांगणारा केंद्रीय रस्ते व पायाभूत सुविधा निधी आज २००० च्या कायद्यानुसार चालतो. महामार्ग प्राधिकरणाने दीर्घकाळ बाजारातून कर्जेही काढली. मार्च २०२२ अखेर हे कर्ज सुमारे साडेतीन लाख कोटी रुपयांवर पोहोचले. त्यानंतर नवे कर्ज थांबवून थेट अर्थसंकल्पातून पैसा देण्याचा मार्ग सरकारने धरला.

कामाचे कंत्राट साधारण तीन पद्धतींनी दिले जाते. पहिल्या पद्धतीत सगळा खर्च सरकार करते आणि ठेकेदार रस्ता बांधून देतो. दुसऱ्या, म्हणजे ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ पद्धतीत खासगी कंपनी पैसा गुंतवते आणि टोलमधून वसूल करते. पनवेल-इंदापूरचे काम सुरुवातीला याच वाटेने गेले होते. तिसरी ‘हायब्रिड अ‍ॅन्युइटी’. तिच्यात ४० टक्के रक्कम सरकार बांधकामाच्या काळात देते आणि उरलेली ६० टक्के रक्कम पुढील १५ वर्षांत हप्त्यांनी फेडते. रस्ता चांगला राखणे कंपनीच्या हिताचे राहावे, हा त्यामागचा हेतू.

खर्चावर नजर ठेवण्याचे काम अर्थातच नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांचे. ऑक्टोबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या भारतमाला योजनेच्या पहिल्या टप्प्यात ३४ हजार ८०० किलोमीटर रस्त्यांसाठी ५ लाख ३५ हजार कोटी रुपये गृहीत धरले होते. मंजुरीवेळी किलोमीटरमागे १५ कोटी ३७ लाख रुपये असलेला खर्च प्रत्यक्ष मंजूर प्रकल्पांत ३२ कोटी १७ लाखांवर गेल्याचे २०२३ च्या अहवालाने दाखवून दिले. वाढीव पदर, उड्डाणपूल, जमिनीचे चढे भाव अशी कारणे त्यामागे असू शकतात. तरीही दुपटीहून अधिक फरक पडत असेल, तर मूळ अंदाजच कच्चा होता असे म्हणावे लागते.

कामे रखडतात कुठे?

पहिला अडथळा जमिनीचा. केंद्र अधिसूचना काढते, पण जमीन ताब्यात घेणारा सक्षम प्राधिकारी बहुतेक ठिकाणी राज्याच्या महसूल खात्यातला प्रांताधिकारी असतो. संपादनाच्या हेतूची पहिली अधिसूचना निघाल्यावर २१ दिवसांत हरकत घेता येते. पुढची घोषणा एका वर्षात झाली नाही तर पहिली अधिसूचना बाद ठरते. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातील मोबदल्याच्या तरतुदी १ जानेवारी २०१५ पासून महामार्गांनाही लागू झाल्या. त्यामुळे शेतकऱ्याला बरा भाव मिळू लागला. कोकणात मात्र एका सातबारावर दहा-वीस वारसांची नावे, त्यातले निम्मे मुंबईत, हे नेहमीचे चित्र. मोबदल्याची वाटणीच अनेकदा वादात अडकते.

दुसरा अडथळा परवानग्यांचा. वनजमिनीसाठी पर्यावरण मंत्रालय, रेल्वेवरून जाणाऱ्या पुलासाठी रेल्वे, विजेचे खांब आणि जलवाहिन्या हलवण्यासाठी राज्याच्या कंपन्या व स्थानिक संस्था. या सगळ्यांना एका नकाशावर आणण्यासाठी ऑक्टोबर २०२१ मध्ये गतिशक्ती योजना सुरू झाली. नकाशा एक झाल्याने परवानगीची फाइल आपोआप पुढे सरकत नाही, हे खरे. तरी कोणाकडे ती अडली आहे हे त्यामुळे निदान लपून राहू नये.

तिसरा अडथळा ठेकेदाराचा. सर्वांत कमी बोली लावून काम घ्यायचे, मग पैसा संपला की यंत्रे हलवायची, हा अनुभव महाराष्ट्राला नवा नाही. त्याला काढून नवी निविदा काढेपर्यंत दोन पावसाळे जातात. अर्धवट खोदलेल्या रस्त्यावरची वाहतूक तोवर थांबत नाही.

मंत्रालयाचे काम रस्त्यांपुरतेच का?

नाही. गाडीचे सीटबेल्ट, हेल्मेटची मानके, वाहन परवान्याचे नियम, दंडाची रक्कम हे सारे १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातून येते आणि तो कायदा याच मंत्रालयाचा. अंमलबजावणी मात्र राज्याची. आरटीओ कार्यालये आणि वाहतूक पोलीस राज्य सरकारच्या अखत्यारीत असतात. २०१९ च्या दुरुस्तीने दंड वाढले. अपघातग्रस्ताला पहिल्या सात दिवसांत दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार देणारी योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली.

या जबाबदारीचे वजन आकड्यांतून कळते. मंत्रालयाच्याच अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा रस्ते अपघातांत मृत्यू झाला. त्यातले ६१ हजार ३८ मृत्यू राष्ट्रीय महामार्गांवरचे होते. देशातील एकूण रस्त्यांत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास आणि मृत्यूंमध्ये ३६ टक्के. या मार्गांवर वाहतूक जास्त आणि वेगही जास्त, हे मान्य. पण जिथे वेग वाढवला, तिथे गावाला ओलांडायला भुयारी मार्ग, योग्य वळण, दिवे आणि सेवारस्ता देणे ही वेग वाढवणाऱ्याचीच जबाबदारी ठरते.

खड्ड्यामुळे जीव गेला तर?

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९८ अ हे कलम आले. रस्त्याचे आरेखन, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकांनुसार न केल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले, तर संबंधित प्राधिकरण, ठेकेदार किंवा सल्लागाराला दंड होऊ शकतो. प्रथमच रस्ता बांधणाऱ्याला कायद्याच्या चौकटीत आणले गेले, हे मोठे पाऊल होते. दंडाची कमाल मर्यादा मात्र एक लाख रुपये. शेकडो कोटींच्या कंत्राटात एक लाख रुपये ही भीती वाटावी अशी रक्कम नाही.

म्हणून लोकांना न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने महामार्गाच्या दुरवस्थेमुळे पालियेक्करा येथील टोलवसुली चार आठवडे थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला. रस्ता नीट नसेल तर टोल कशाचा, हा सामान्य माणसाचा सवाल न्यायालयाने ग्राह्य धरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खड्ड्यांमुळे मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबीयांना सहा लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडपट्टीवरही याच न्यायालयात जनहित याचिका चालत आली आहे. जे मंत्रालयाने नियमाने करायचे, ते न्यायालयाने आदेशाने करवून घ्यावे लागते.

तक्रार कुठे करायची?

आधी रस्ता कुणाचा हे पाहावे. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग राज्य रस्ते विकास महामंडळाचे आहेत. १५ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेला, सुरुवातीला ३ हजार रुपये किंमत असलेला, २०० फेऱ्यांचा फास्टॅग वार्षिक पास तिथे चालत नाही, त्याचे कारण हेच. राष्ट्रीय महामार्गावर अपघात, बंद पडलेले वाहन किंवा धोकादायक खड्डा यासाठी १०३३ हा क्रमांक चोवीस तास आहे. छायाचित्रासह तक्रार ‘राजमार्गयात्रा’ या अ‍ॅपवर करता येते. टप्पा राज्याच्या बांधकाम खात्याकडे असेल, तर त्याच्या राष्ट्रीय महामार्ग विभागाच्या कार्यकारी अभियंत्याकडे लेखी तक्रार करून पोच घ्यावी. भरपाईचा दावा पुढे करायचा झाला तर हीच पोच कामी येते.

आता काय बदलायला हवे?

वाहनचालकाला यंत्रणांची ही वंशावळ पाठ असावी, ही अपेक्षाच चुकीची आहे. त्याच्यासाठी रस्त्यावरचा फलक राष्ट्रीय महामार्गाचा आहे आणि १९५६ चा कायदाही त्याच्याच बाजूने बोलतो. त्यामुळे काम कोणाकडेही सोपवले असले, तरी तक्रार घेण्याचे आणि तिचा निकाल लावण्याचे दार एकच, मंत्रालयाचे, असले पाहिजे. कोणता टप्पा कोणाचा हे तिथल्या कर्मचाऱ्याने शोधावे, प्रवाशाने नव्हे.

प्रकल्पाची माहिती देणारे क्यूआर कोडचे फलक महामार्गांवर लावण्याचे प्राधिकरणाने २०२५ मध्ये जाहीर केले. ते स्वागतार्हच. त्यावर ठेकेदाराचे नाव, दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावर कोणत्या तारखेपर्यंत आहे, मूळ मुदत काय होती, ती किती वेळा आणि का वाढवली, हेही दिसायला हवे. राज्याच्या खात्याकडे असलेल्या टप्प्यांनाही ते लागू व्हावे, नाहीतर कोकणातला बहुतांश रस्ता पुन्हा त्यातून सुटेल. रुंदीकरण चालू असताना जुना रस्ता वाहतुकीयोग्य ठेवण्याचा खर्च वेगळा बाजूला काढावा आणि तो न केल्यास बिलातून तात्काळ वजावट व्हावी. १९८ अ कलमातील एक लाखाची मर्यादा कंत्राटाच्या रकमेशी जोडण्यासाठी मंत्रालयाने स्वतः पुढाकार घ्यावा.

गेल्या दशकात या मंत्रालयाचे मोजमाप दिवसाला किती किलोमीटर, या एकाच पट्टीने झाले. देशाला त्या वेगाची गरज होती. पुढच्या दशकाची पट्टी वेगळी हवी : बांधलेल्या रस्त्यावर किती माणसे सुखरूप घरी पोहोचली आणि खड्डा दिसल्यापासून बुजेपर्यंत किती दिवस लागले. रस्ता लोकांच्या पैशांतून, राष्ट्राच्या पातळीवरून बांधावा असे जयकर समितीने जवळपास शंभर वर्षांपूर्वी सुचवले. लोक उपकराच्या आणि टोलच्या रूपाने आपला वाटा बिनबोभाट भरत आहेत. टोलनाक्यावर एक रुपयाची सूट न देणाऱ्या व्यवस्थेने खड्ड्यांच्या बाबतीत टोलवाटोलवी केली, तर ती कोणत्या तोंडाने?